कंदिलाच्या पेटीतली चिठ्ठी

गुरुजी निवडणुकीला उभे राहिले तेव्हा आमच्या कोळीवाड्यात सगळ्यात जास्त आनंद मला झाला. हा माणूस आता चारचौघांत हरलेला बघायला मिळेल, असा तो आनंद होता. हे लिहिताना मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं पुढं बरंच आहे, ते सांगेनच.

स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. काशीद आणि मुरूडच्या मधल्या आमच्या गावात गुरुजींनी तीस वर्षं शाळा चालवली आणि नुकतेच ते निवृत्त झाले होते. मूळचे तळे गावचे, पण घर वरच्या आळीत करून राहिले होते. कोळीवाड्यातला चाळिशीच्या आतला जो कोणी सही करू शकत होता, तो त्यांच्याच हाताखालून गेलेला. त्यामुळे मुंबईच्या विधानसभेसाठी त्यांनी अर्ज भरला तेव्हा त्यांना पक्षाची, सभेची, कशाचीच गरज वाटली नाही. "माझी मुलं आहेत," असं ते सगळीकडे सांगत फिरत होते. तीस वर्षांची शिकवणी फुकट गेली नाही हे त्यांना बघायचं होतं. आमदारकीपेक्षा त्यांना त्याचीच भूक होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की या मुलांत मी नाही.

माझं सांगते. मी तिसरीत असताना माझा बापूस दर्यात गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. आय सुकी मासळी विकायला लागली, पार माणगावच्या बाजारापर्यंत जायची. घरात सगळीकडे सुकट आणि बोंबील, तेव्हा माझ्या परकरालाही तोच वास असणार. गुरुजींनी मला दाराशी बसवलं. "वारा बाहेर जातो तिकडे बस," असं म्हणाले आणि वर्ग हसला. पावसाळ्यात दारातून पाणी आत यायचं, मी पाय वर घेऊन लिहायचे. लिहायचे मात्र. चौथीला माझा पहिला नंबर आला. त्या वर्षी मुरूडच्या मोठ्या शाळेत राहून शिकायला आमच्या शाळेतून एक नाव पाठवायचं होतं, राहणं-जेवण सगळं तिथंच. गुरुजींनी दुसऱ्या नंबरच्या मुलाचं, दुकानदाराच्या पोराचं नाव पाठवलं. आय विचारायला गेली तर वर्गादेखत म्हणाले, "हिला पुढं शिकवून काय करायचंय? मासळीच्या टोपलीमागं बसायला चौथी पुष्कळ झाली."

घरी येताना आयनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. दुसऱ्या दिवसापासून मी टोपलीमागं बसले. पुढं सातवीची परीक्षा मी दिली ती दोन पोरांची आई झाल्यावर, पण ती गोष्ट वेगळी. निवडणुकीच्या वेळी मी बावीस वर्षांची होते, याच कोळीवाड्यात लग्न झालेली, आणि बारा वर्षं तो राग नीट मीठ लावून ठेवलेला होता.

आमच्याकडे मत एकेकट्यानं द्यायची पद्धत नव्हती. गावकी बसायची, पाटील शब्द द्यायचा आणि तो सगळ्या वाड्याचा शब्द. गुरुजींसाठी गावकी बसली ती देवळासमोर, चांगली भरून. समोरचा उमेदवार मोठ्या जमीनदाराचा पुतण्या होता. धक्क्यावरून मचव्यात बसला की ओकणारा, आणि तरी त्यानं निशाणी म्हणून होडी घेतली होती. वाड्यानं गुरुजींना शब्द दिला. तिथंच पाटलानं, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यानं, एक गंमत सांगितली. अर्ज भरायला अलिबागला तो गुरुजींसोबत गेला होता. निशाणी निवडायची वेळ आली तेव्हा होडी अजून कुणी घेतली नव्हती.

"मी बोललो, गुरुजी, होरी घ्या, आमची मानसं डोलं मिटून देतील. तर काय बोलले, म्हायती हाय? बोलले, छे, होडी म्हटलं की मासळीचा वास येतो. मी शिक्षणाचा माणूस, मला कंदील द्या."

लोक हसले. पाटीलही हसला, पण त्याला ते लागलं होतं हे मला दिसलं. तरी शब्द तो शब्द. हसून झालं आणि सगळे उठले.

त्या काळी मतदानाची रीत निराळी होती. कागदावर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली. पडद्यामागं जायचं आणि आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. वाड्यातल्या बायकांना हे समजावून सांगायला कोणीतरी वाचता येणारी बाई हवी होती, आणि तशी बाई अख्ख्या वाड्यात एकच होती. पाटलानं माझं नाव सांगितलं. चुलतसासऱ्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

दोन दिवसांनी गुरुजी मला भेटायला खाली आले. आम्ही मायलेकी किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील घालत होतो. दुरूनच त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. मी बोंबील तसाच हातात धरून उभी राहिले. मनात बारा वर्षांची तयारी होती. ते काय म्हणतील, मी काय म्हणेन, सगळं पाठ होतं.

ते रुमालाआडून म्हणाले, "पाटील म्हणाले तुला वाचता येतं. छान. कुठल्या शाळेत होतीस?"

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. थट्टा नव्हती, त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"इथंच गुरुजी. तुमच्याच शाळेत."

"असं का? वा, वा," ते म्हणाले, आणि बायकांना कंदील कसा ओळखायला शिकवायचा ते सांगू लागले. माझ्याकडे पाहत नव्हते, पायाखालचे खवले चुकवत होते.

माझा संताप संताप झाला. जन्माचं नुकसान केलंत ते केलंत, पण ते लक्षात तरी ठेवायचं. मी इतकी वर्षं ज्या माणसाशी भांडत झोपत होते त्याच्या लेखी मी कधी नव्हतेच. आयनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून पुढचा बोंबील घेतला. गुरुजी गेल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "वारा फिरलाय, दोरी त्या अंगाला घे."

तरी मी शिकवलं. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे घेतले, एकावर होडी काढली, दुसऱ्यावर कंदील. देवळाच्या ओट्यावर फाटका पडदा लावला आणि वाड्यातल्या बायकांना एकेक करून आत पाठवलं. त्या दिवसांत भांग होता, म्हणजे पाण्याला जोर नव्हता, होड्या वर ओढलेल्या आणि पुरुष घरी जाळी दुरुस्त करत बसलेले. बायका हसत-खिदळत आत जायच्या, बाहेर यायच्या. डबे उघडले की सगळ्या चिठ्ठ्या कंदिलात. पाटील येऊन बघून गेला आणि खूश झाला.

एकच म्हातारी चुकत होती. तिचे दोन्ही मुलगे मासळी घेऊन मुंबईला गेले होते, अजून परतले नव्हते. तिनं तीनदा चिठ्ठी होडीत टाकली. मी चिडून म्हटलं, "अगो आजे, कंदील कंदील किती सांगू?"

ती म्हणाली, "सांगशील गो तू. माजी दोनय पोरां अजून पान्यावर हाईत. मी होरीला तशीच सोरून पाठ कशी दावू?"

बाकीच्या हसतील असं मला वाटलं होतं. एकही हसली नाही. दोघींनी तर माना डोलावल्या.

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या वाड्यात माणूस दर्यावर असेपर्यंत बाई होडीला पाठ दाखवत नाही. होडी किनारा सोडते तेव्हा ती दिसेनाशी होईस्तोवर तोंड तिकडंच ठेवायचं, मग उलट्या पावलांनी वर यायचं आणि वाळू संपली की वळायचं. घरात भिंतीवर पोरांनी कोळशानं होडी काढलेली असेल तर नवरा परत येईपर्यंत ती पुसायची नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही. गुरुजी तीस वर्षं या गावात राहिले, पण रुमाल नाकाला लावून किनाऱ्यावर कितीसं दिसणार?

मी घरी गेले आणि बोटांवर तिथी मोजल्या. मतदानाचा दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येत होता, म्हणजे ऐन उधाणात. आमच्या डोलीच्या, म्हणजे पाण्यात एका जागी रोवलेल्या जाळ्यात मासळी येते ती उधाणाच्या ओढीवर. वर्षातले हे मोसमाचे दिवस कोणताही कोळी कुठल्याही निवडणुकीसाठी सोडणार नव्हता. पुरुष म्हणतच होते, "आमी नसलो तरी बायका हाईत ना, त्या टाकतील." तारीख ठरवणाऱ्या साहेबाला भरती-ओहोटीचं काय? वाड्यातला मत असलेला एकूण एक पुरुष त्या दिवशी पाण्यावर असणार होता, आणि शाळेतल्या पडद्यामागं एकेका बाईसमोर होडी ठेवलेली असणार होती.

हे फक्त मला कळलं होतं. पुरुषांना बायकांच्या मनातलं माहीत नव्हतं, बायकांना तिथीचा आणि पेटीचा मेळ लागला नव्हता. उपायही मला तेव्हाच सुचला होता. मतदानाच्या सकाळी सगळ्या बायकांना किनाऱ्यावर नेऊन समुद्राला नारळ द्यायचा, होडीची क्षमा मागायची, की त्यांची मनं मोकळी झाली असती. पाटलाला नुसतं सांगितलं असतं तरी त्यानं ते केलं असतं.

मतदानाच्या आधी चार दिवस गुरुजी पुन्हा आले. रुमाल होताच. "बायका तयार आहेत ना? काही अडचण नाही ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "काही अडचण नाही, गुरुजी."

मी खोटं बोलतेय हे मला माहीत होतं. मला ते बोलताना बरं वाटलं. दुपारी जेवलेही चांगली.

मतदान शाळेतच होतं, माझ्याच वर्गात. पहाटे होड्या गेल्या. आम्ही उलट्या पावलांनी वर आलो, अंघोळी केल्या, ठेवणीतली लुगडी नेसलो, केसांत फुलं माळली आणि सणाला निघाल्यासारख्या शाळेकडे निघालो. वरच्या आळीतले लोक कौतुकानं बघत होते. त्यांचं मतदान दुसऱ्या खोलीत होतं. शाळेच्या फाटकाशी गुरुजी धुतलेलं धोतर नेसून उभे होते. प्रत्येक बाईला त्यांनी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा ते कोळणींना हात जोडत होते आणि बायका लाजून पदर तोंडाला लावत होत्या. मला त्यांची कीव आली का? नाही. मी रांगेत उभी राहून एकेक बाई पडद्याआड जाताना बघत होते. बाहेर येताना एकही हसत नव्हती. म्हातारी तर उलट्या पावलांनी बाहेर आली, पडदा तिच्या पाठीला अडकला आणि शिपायानं तो सोडवला.

माझी पाळी आली. आत गुरुजींचंच टेबल होतं, पायाशी शाईचे डाग तेच. त्यावर दोन पेट्या. मी ठरवून आले होते की चिठ्ठी होडीत टाकायची, सूड म्हणून, शांतपणे, डोळे उघडे ठेवून. पण पेटीवरची ती चिटुकली होडी दिसली आणि मला बापूस आठवला. मग नवरा आठवला. पहाटे त्याच्या होडीचं शीड एकदा फडफडून बसलं होतं. चिठ्ठी होडीच्या फटीत कधी गेली ते कळलंही नाही. सूड राहिला बाजूला. मी त्या म्हातारीइतकीच घाबरलेली होते. चौथीत पहिली आलेली, तिथी मोजणारी, सगळं आधी ओळखून बसलेली मी पेटीला हात लावून नमस्कार करून बाहेर आले. सूड घेतला असं म्हणायला मला फार आवडलं असतं.

निकाल लागला आणि जमीनदाराचा पुतण्या निवडून आला. त्या काळात गावागावाच्या पेट्या वेगळ्या मोजत, त्यामुळे कोळीवाड्यानं काय केलं ते लपलं नाही. पाटलानं देवळासमोर बायकांना बोलावून घेतलं आणि असा ओरडला की कावळे उडाले. "माजा शबुद घातलात दर्यात! तीस वर्सां ज्यानं शिकवलां त्याला तोंड काय दावू मी?"

जिचे मुलगे आता मुंबईहून परत आले होते ती म्हातारी पुढं झाली. "तू कुटं होतास त्या दिशी? दर्यावर ना? मग. आमी काय होरीला पाठ दावून तुमाला मारायचां व्हतां?"

पाटील सुखरूप परत आला होता, त्याची बायको समोरच उभी होती. जमलेले पुरुष एकेक करून निघून गेले.

गुरुजी पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत, असं ऐकलं. मी वाट बघत होते. मला वाटत होतं की आता बरं वाटेल, उद्या वाटेल. बोंबील वाळत होते, दिवस जात होते, आणि मीठ लावून ठेवलेला तो राग होता तिथंच होता.

मग एक दिवस ते आले. हातात छत्री होती, रुमाल खिशातच राहिला होता, काढायचं त्यांना सुचलं नसावं. दाढी वाढलेली. आम्ही मायलेकी पुन्हा त्याच दोरीशी होतो.

ते माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मोजणीला मी स्वतः होतो. तुमच्या वाड्याची कंदिलाची पेटी उघडली. आत एक चिठ्ठी होती. एकच." त्यांनी छत्री वाळूत रोवली. "ती तुझी. मला सांगू नकोस, मला ठाऊक आहे. एवढ्या सगळ्यांत तू एकटीच शिकलीस. तीस वर्षांत एक तरी मुलगी खरी शिकली म्हणायची."

मी हातातला बोंबील दोरीवर घातला.

"माझ्या हातून तुझं काही चुकलंय का गं?" ते एकदम म्हणाले. "घरी बसून आठवत होतो. दाराशी एक मुलगी बसायची. पाय वर घेऊन लिहायची. ती तूच का?"

"व्हय, गुरुजी," मी म्हटलं. त्यांच्याशी आयुष्यात कधी मी घरच्या बोलीत बोलले नव्हते.

त्यांनी मान हलवली. मग वळले आणि वाळूतून छत्री टेकत चालू लागले.

आय बोंबील ठेवून हात पुसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "ती चिठ्ठी माजी व्हती."

या माणसानं वर्गादेखत तिला परत पाठवलं होतं. ती माझा हात घट्ट धरून घरी आली होती, ते दोघींनाही आठवत होतं.

"आये, त्याला? त्याला कशाला दिलंस?"

"त्याला कोन देतंय? माजां कोन हाय आता दर्यावर? होरीनं तुजा बापूस नेला, न तिलाच मी मत देव?" तिनं दोरी ताणून पाहिली. "तुजा नवरा व्हता पान्यावर, म्हनून तुला बोलले न्हाय. तू तुजां बघायचां."

गुरुजी अजून सुरूच्या झाडांपर्यंत पोचले नव्हते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

"जा," आय म्हणाली, "सांग त्याला. उगा कशाला चुकीचां घिऊन जाईल."

मी गेले नाही. त्यांची दया आली म्हणून नव्हे, ती मला आजही येत नाही. जन्मात एकदाच त्यांनी मला माझा पहिला नंबर दिला होता, आणि तो माझा नाही हे ठाऊक असूनही मला तो परत करायचा नव्हता.